गाडीचा कान

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा लांब होती, म्हणून ते तिथंच थांबलं. ही वही लेकीची आहे. ती पुण्याला शिकायला गेली आणि मागची पानं कोरी राहिली. कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही, तोंडापर्यंत आलेलं परत आत जातं. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून हे बरं पडतं. तरी कुणाच्या हाती ही पानं लागलीच तर ऱ्हस्व-दीर्घाला हसू नये.

आमच्या गाडीच्या पासिंगचं लिहायचं आहे. घरच्या गाडीला पंधरा वर्षं झाली की तिचे कागद संपतात. मग ती बारामतीला आरटीओत नेऊन साहेबांना दाखवायची. साहेब दिवे, ब्रेक, नंबर सगळं तपासतात. पास झाली तर पुढची काही वर्षं चालवता येते, नाही तर गाडी घरापुढं उभी.

आमची गाडी उभी राहिली असती तर मामांचं काय, हा एकच प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात होता. मामा म्हणजे माझे सासरे. आमचे हे त्यांना आबा म्हणतात, मी मामा म्हणते. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. दर सोमवारी आणि गुरुवारी बारामतीच्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुवावं लागतं. एक वार चुकला तरी पाय सुजतात, दम लागतो, आडवं झोपता येत नाही. आमच्या वरकुट्याहून बारामती तासाभराचा रस्ता. मामांना एसटीची पायरी चढवत नाही. मोटरसायकलवर मागं बसवून एकदा नेलं होतं, येताना ते वाटेत कलंडले. तेव्हापासून गाडीच.

आणि गाडी चालवायची मी. हे एमआयडीसीत कामाला आहेत, पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची, आठवड्याला दोन दिवस रजा कोण देणार? म्हणून यांनी मला कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर गाडी शिकवली. पहिल्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "मी बसतो बाजूला. पडलो कालव्यात तर दोघं पडू." ते खरंच बसले, आणि माझा हात बसेपर्यंत रोज बसत गेले.

गाडी घेतली ती शेवटची मेंढरं विकून. मामांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. चराईला रान उरलं नाही, आमच्याही रानात पाणी आलं आणि ऊस लागला, तेव्हा त्यांनी एका बाजारात मेंढरांचा सगळा वाडा विकला आणि त्याच पैशांत ही छोटी पांढरी गाडी आली. कागदावर नाव मामांचं. त्यांना चालवता येत नाही, पण कुणी विचारलं की सांगायचे, "गाडी माझी हाय. पोरगं हाकतं."

त्या वर्षीच्या दिवाळीतल्या पाडव्याचं मला चांगलं आठवतं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. पाडव्याला मेंढरांची पूजा असते. वाड्यापुढं दूध उतू घालवायचं, ते दूध मेंढरांवर शिंपडायचं आणि जवसाच्या तेलात कालवलेल्या गेरूनं आपल्या घराची खूण करायची. आमची खूण म्हणजे दोन आडव्या रेघा आणि खाली टिंब. तशीच खूण कानालाही कापून केलेली असायची. मेंढरं गेली, पण पाडवा आला. मामा गेरूची वाटी हातात घेऊन गाडीभोवती फिरले आणि यांना म्हणाले, "हिचा कान कुठं हाय रं?"

यांना हसू आलं. यांनी बॉनेट उचललं आणि आतल्या आडव्या पत्र्यावर ठोकलेला लांब नंबर दाखवला. "हा बघा कान, आबा. असला नंबर जगात दुसऱ्या गाडीला न्हाय."

यांनी थट्टा केली होती. मामांनी ती खरी धरली. त्यांनी नंबरावर दूध शिंपडलं, वर गेरूच्या दोन रेघा ओढल्या आणि टिंब दिलं. मग दर पाडव्याला तेच. घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मीच तर दूध तापवून द्यायची.

पासिंगची तयारी महिनाभर चालली होती. टायर गुळगुळीत झाले होते, हँडब्रेक धरत नव्हता, जुन्या गाडीचा वेगळा कर भरायचा होता, नवी नंबर प्लेट लावायची होती. एवढे पैसे एकदम आमच्याकडं नव्हते. बारामतीजवळ कन्हेरीला माझी नणंद दिली आहे. दवाखान्यात मामा मशीनवर असले की मी कधी कधी तिच्याकडं जाऊन बसते. तिला मी काही बोलले नव्हते, पण तिनं गाडीचे टायर बघितले आणि दुसऱ्या दिवशी यांच्याकडं पैसे पाठवले.

मामांना ते कळलं तेव्हा ते जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. "लेकीचं घेतलं?"

"उसनं घेतलंय, आबा," हे म्हणाले. "डेअरीच्या दुधाच्या पगारातून फेडू."

"म्या तिला लग्नात धड एक म्हैस दिली न्हाय. आन् आता तिच्या पैशाच्या चाकावर बसून फिरू?"

त्यानंतर गाडीत बसताना ते आधी टायरकडं बघायचे, मग बसायचे.

धुराच्या तपासणीला मी एकटी गेले. रस्त्यावरच्या पंपाशेजारी एका टपरीत ते काम होतं. त्या माणसानं सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि मला म्हणाला, "रेस करा. अजून करा. घाबरू नका ताई, गाडी पळणार न्हाय." इंजिन इतकं ओरडलं की मला वाटलं आतलं काहीतरी तुटणार आणि आजच सगळं संपणार. मी डोळे मिटून पाय दाबून धरला. तो बाहेरून हात हलवत होता, थांबा थांबा म्हणून, मला दिसलंच नाही. शेवटी त्यानं काच वाजवली. "झालं वो! किती तापवताय बिचारीला?" धूर बसला नियमात. कागद हातात आला.

मग पासिंगचा सोमवार आला. कागदांची मुदत त्याच आठवड्यात बुधवारी संपत होती. म्हणजे गुरुवारच्या फेरीला गाडी विनाकागदाची. सोमवारी सकाळी आरटीओ आणि दुपारी दवाखाना असं ठरवून मी आणि मामा निघालो. यांनी एक एजंट ठरवून दिला होता. ऑफिसबाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसलेला, माझ्याच वयाचा माणूस. मला सीटवरून उतरताना बघून तो म्हणाला, "वैनी, तुमी चालवत आलाय? आन् तात्या मालकावानी बाजूला? झ्याक हाय की!"

"मालकच हाय मी," मामा म्हणाले.

मैदानात गाड्यांची रांग होती. बाकी सगळे पुरुष. मी काच खाली केली नाही. साहेब एकेका गाडीपाशी येत होते. चष्मा लावलेले, उन्हानं वैतागलेले, पण बोलणं शांत. आमची पाळी आली तेव्हा मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.

"हेडलाइट," साहेब म्हणाले. मी वायपर लावला. मागच्या गाडीतून कुणीतरी हसलं. "पाऊस येऊ द्या की," एजंट म्हणाला. मी गडबडून हॉर्न वाजवला. मामांनी हळूच माझ्या हाताकडं बघून म्हटलं, "दिवा म्हणत्यात." मग जमलं. डावा, उजवा, ब्रेकचा लाल दिवा. गाडी थोडी पुढं घेऊन ब्रेक दाबायला लावला, हँडब्रेक ओढून बघितला. साहेब कागदावर खुणा करत होते. मला जरा श्वास आला.

"बॉनेट उघडा. चेसिस नंबर बघू."

एजंटानं बॉनेट उचललं. सगळे आत वाकले. मग साहेब म्हणाले, "हे काय लावलंय?"

मामा दार उघडून काठी टेकत पुढं आले. "खूण हाय, साहेब."

"कसली खूण?"

"आमच्या घरची. मेंढरांच्या कानाला असती ती. हिचा कान हितंच हाय नव्हं?"

रांगेतले दोघं-तिघं फुटले हसायला. साहेब हसले नाहीत. त्यांनी नखानं जरा खरडून बघितलं. गेरूचे थरावर थर चढून पत्र्यावर लाल खरपुडी जमली होती. नखाखाली तिचा एक पापुद्रा निघाला आणि त्याबरोबर गंजाचा भुगा पडला.

"आजोबा, ह्याच्याखाली नंबर आहे. तो मला वाचता आला पाहिजे. नाही तर ही गाडी तीच आहे हे मी कशावरून म्हणू?"

"तीच हाय साहेब. म्या घेतलीया. मेंढरं इकून."

"मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण नंबर दिसल्याशिवाय मला पास करता येत नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "साफ करून बुधवारी या. आकडे गेले असतील तर पुन्हा ठोकून घ्यायची परवानगी काढावी लागेल. त्याला वेळ लागतो."

किती वेळ, हे मला विचारायचं होतं. मी तोंड उघडेपर्यंत साहेब पुढच्या गाडीकडं गेले.

लिंबाखाली एजंटानं मला बाजूला घेतलं. "वैनी, एक काम करू. माझ्या वळखीत एक मिस्त्री हाय. घासून काढतो आन् नवा नंबर मारून देतो. कुणाला कळत न्हाय."

म्हणजे खोटा नंबर. मी मान हलवून नाही म्हटलं.

"बघा मग. परवानगीच्या मागं लागलात तर महिना-दोन महिने गेले म्हणून समजा. गाडी दारात."

मी पुन्हा मान हलवली. तो चिडला. "मग तुमचं तुमी बघा. बुधवारी मला फुरसत न्हाय." टेबलावरचे कागद गोळा करून त्यानं माझ्या हातात दिले.

दुपारी मामांना मशीनला लावलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. मला सारखं तेच दिसत होतं, महिना-दोन महिने. त्यात किती सोमवार, किती गुरुवार. भाड्याची गाडी दर खेपेला परवडणार नाही. विनाकागदाची न्यावी तर वाटेत कुणी हात केला की संपलं. त्याहून वाईट म्हणजे कुणाला धक्का लागला तर विमासुद्धा नाही. मी तेव्हा हात जोडून पोलिसापुढं काय बोलणार? मला माझं नाव सांगताना चाचरायला होतं.

शेवटी आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींना फोन करून गेरूचं, दुधाचं सगळं सांगितलं. ब्रेक त्यांनीच केले होते. ते आधी खूप हसले. मग म्हणाले, "मी बघितलं होतं ते लाल. मला वाटलं दसऱ्याची पूजा. आता ऐका. पॉलिश पेपर लावायचा न्हाय. आकडे आधीच झिजले असतील, पेपरानं साफ जातील. आन् घासल्याची चमक दिसली तर साहेब म्हणतील नंबर बदललाय, मग गाडीच जमा. डिझेलमधी कापड भिजवून ठिवा त्येच्यावर. मऊ होऊ द्या. हळूहळू पुसा. तेलानं थोडं राखलंय, दुधानं खाल्लंय. काय निघंल ते निघंल."

मशीन झाल्यावर मामांना घेऊन निघाले. घर आलं. मी दार उघडलं, पण ते उतरले नाहीत.

"गुरवारी मी येत न्हाय," ते म्हणाले.

"का वो मामा?"

"बिगरकागदाची गाडी रस्त्याला घालू नगंस. तुला कुणी धरलं तर तू काय बोलशील?"

"बुधवारी पास होईल की."

"कशाची पास! म्याच तिचा कान खाल्ला. माझ्या हातानं. लेकीचं पैसं त्या टायरात घातलं आन् वर म्याच गाडी मारली." मग म्हणाले, "माझं काय, झालं की आता सगळं."

असं ते आजवर कधी बोलले नव्हते. सुया टोचताना, पाय सुजल्यावर, कधीच नाही.  गाडी पास नाही झाली तर मामा दवाखान्यात जायचंच सोडून देतील, हे मला तेव्हा कळलं. आतापर्यंत मला भीती होती ती कागदांची. आता ती माणसाची झाली.

यांना मी फोनवर सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की नंबर साफ करायचा आहे. हे म्हणाले, "माझीच चूक. म्याच दाखवला हुता कान म्हणून." रजा मात्र मिळाली नाही.

मंगळवारी सकाळी डेअरीला दूध घालून आले आणि शेजारच्या ट्रॅक्टरमधलं वाटीभर डिझेल आणलं. बॉनेट उघडून, भिजवलेलं फडकं नंबरावर पसरून ठेवलं. मामा पडवीत पाठ करून बसले होते. मी पहिलं फडकं उचललं तेव्हा ते सगळं लाल होऊन आलं, पण खाली नुसता चिखल. दुसऱ्यांदा ठेवलं. तिसऱ्यांदा पुसताना माझा हात जरा जोरात पडला आणि गंजाची खपली निघाली. मला वाटलं तिच्याबरोबर आकडाही निघाला. मी तिथंच थांबले. पुढं हात लावायचं धाडस होईना.

"मामा," मी म्हटलं, "मला न्हाय जमत. माझा हात जड हाय. तुमी या."

ते आले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, "खूण तुमी केलीय. कुठं किती थर हाय ते तुमालाच म्हाईत."

काठीचा आवाज आला. मी स्टूल ठेवलं. ते बसले, वाकले आणि म्हणाले, "फडकं नगं. फडकं खरखरीत हाय." त्यांनी जुन्या घोंगडीच्या कडेची लोकर ओढून तिचा बोळा केला, डिझेलात बुडवला आणि एका बाजूनं टिपायला सुरुवात केली. पुसणं नाहीच, नुसतं टिपणं. मेंढराच्या डोळ्यात काही गेलं की ते असंच टिपायचे. बोळा लाल झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. त्यांना दम लागत होता, मध्येच ते मागं टेकून बसायचे. मी शेजारी आरसी घेऊन उभी. इंग्रजी अक्षरं मला लेकीच्या पुस्तकामुळं ओळखू येतात. एकेक आकडा वर यायला लागला तसा मी कागदाशी ताडून म्हणायची, "व्हय, हाय." पुढचा. "व्हय, हाय."

उन्हं डोक्यावर आली तोवर शेवटचे दोन राहिले होते. दूध बहुतेक त्याच कोपऱ्यात साचत असावं. एक कसाबसा दिसला. शेवटच्या जागी नुसते खड्डे. कागदावर आठ होता. मी कितीही वाकून बघितलं तरी मला तो कधी तीन वाटायचा, कधी काहीच नाही.

"मला न्हाय दिसत, मामा."

"मलाबी कुठं दिसतंय? बोटानं बघ." त्यांनी डोळे मिटले आणि बोटाचं टोक त्या जागेवरून फिरवलं. "वाड्यात अंधारात कान असाच बघायचो आमी. काप बोटाला लागतो." ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग माझं बोट धरून तिथं टेकवलं. "हितनं डावीकडं जा. हळू. लागतंय काय?"

मला आधी नुसता खरखरीतपणा लागला. मग एक बारीक वळण. आणि खाली अजून एक.

"दोनीकडनं गोल हाय," मी म्हटलं.

"मग आठच." पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. माझ्याही मनात नव्हती. आपल्याला आठ पाहिजे म्हणून आठ लागतोय, असंही असेल.

बुधवारी आम्ही दोघंच गेलो. रांगेत गाडी लावली. लिंबाखालून एजंट बघत होता. साहेब आले, बॉनेट उचललं, वाकून बघितलं. "बरंच निघालंय की. ठसा आणलाय का?"

मला ठसा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. एजंट बरोबर असता तर त्यानं केलं असतं.  साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि फायलीतून पातळ कागदाची पट्टी दिली. "नंबरावर पट्टी धरा आणि वरून पेन्सिल आडवी फिरवा. हलू देऊ नका."

हे मला येत होतं. शाळेत नाण्यावर कागद ठेवून आम्ही असंच करायचो.  मामांनी पट्टीची दोन टोकं दाबून धरली आणि मी पेन्सिल फिरवायला लागले. काळ्या रंगातून पांढरी अक्षरं उठत गेली. माझ्या अक्षरापेक्षा किती तरी सरळ. शेवटच्या आकड्याशी मी पेन्सिल अगदी अलगद धरली. तो अर्धाच उठला.

साहेबांनी पट्टी आरसीशी धरली. एकेक आकडा बघत शेवटाला आले आणि थांबले. "हा तीन आहे का आठ?"

मामा माझ्याकडं बघत होते. मागच्या गाडीवाला हॉर्न वाजवत होता. 

"आठ हाय," मी म्हटलं. मलाच माझा आवाज ऐकू आला नाही, म्हणून परत म्हटलं, "आठ हाय, साहेब."

"कशावरून?"

"डाव्या बाजूनंबी गोल हाय. बोट... बोट लावून बघा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी मोबाइलचा दिवा लावला, तो पत्र्याला अगदी चिकटून तिरपा धरला आणि बोट फिरवलं. मग स्वतः दुसरी पट्टी घेऊन त्या एकाच आकड्याचा ठसा घेतला. मग खाली वाकून इंजिनाचा नंबर वाचला, तोही कागदाशी जुळवला. एवढं सगळं ते करत होते आणि मी मामांच्या पायांकडं बघत होते. चपलेचा पट्टा सुजेमुळं रुतला होता.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "आजोबा, पुन्हा इथं काही लावू नका."

"न्हाय साहेब. आन् दूध?"

"दूध तुम्ही प्या."

"मला बंदी हाय दुधाला," मामा म्हणाले. "डॉक्टरची." आणि साहेब पहिल्यांदा हसले.

पास झाली का, हे तिथं कुणी सांगितलं नाही. मोबाइलवर मेसेज येईल म्हणाले. घरी येईपर्यंत आला नाही. गाईंच्या धारा काढताना मी फोन दावणीच्या कट्ट्यावर ठेवला होता. साहेबांनी घरी जाऊन विचार बदलला तर? इंजिनाचा नंबर नीट बघितला असेल ना? तेवढ्यात फोन थरथरला. सगळं इंग्रजीत. मला आमच्या गाडीचा नंबर तेवढा ओळखू आला. तो मेसेज मी लेकीला पाठवला आणि तिचा फोन येईपर्यंत धार सोडून बसले. गाय मागं वळून बघायला लागली.

"आई, झालं पास," लेक म्हणाली. "पाच वर्षं."

मी मामांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. गुरुवारी सकाळी मी चहा ठेवला तेव्हा ते फेटा बांधून, दवाखान्याची पिशवी मांडीवर घेऊन गाडीत जाऊन बसलेले होते.

त्यानंतर दर दहा दिवसांनी दुधाचा पगार झाला की थोडे पैसे कन्हेरीला जायचे. कधी कमी, कधी गायीच्या दुखण्यात सगळे जायचे आणि तेव्हा काहीच नाही. तसं झालं की मामा पुढच्या फेरीला नणंदेच्या घरापुढून जाताना मान दुसरीकडं करायचे.

दिवाळी आली. पाडव्याला सकाळी त्यांनी गेरू कालवला. मला धस्स झालं. वाटी घेऊन ते बॉनेटपाशी गेलेच नाहीत. मागच्या चाकाजवळ चिखल उडू नये म्हणून रबर असतं, त्याच्यावर बोट ठेवून मला म्हणाले, "हितं लावू का? रबराला गंज येत न्हाय न्हवं?"

"न्हाय येत."

"साहेबाला चालंल?"

"चालंल, मामा."

दोन रेघा आणि टिंब. मग आम्ही सगळे कन्हेरीला गेलो. हेही होते, लेकही आली होती. नणंदेनं पाट मांडला आणि बापाला ओवाळलं. मामांनी ताटात ओवाळणी टाकली. मग बंडीच्या आतल्या खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या. त्या ताटात टाकल्या नाहीत, तिच्या हातात दिल्या.

"ती ओवाळणी. हे गाडीचं. शेवटचं."

"आबा, ठिवा की तुमच्याकडं. सणाचं काय देताय?"

"न्हाय. मोज."

"बापाचं मोजत न्हाय मी."

"मग सूनबाई मोजंल," मामा म्हणाले आणि नोटा माझ्याकडं दिल्या.

नणंदेच्या घरातली सगळी माणसं बसली होती, तिचे दीर, जावा, शेजारपाजारचे. सगळ्यांच्या नजरा माझ्या हातांवर. मी एकेक नोट उलटत त्या मोठ्यानं मोजल्या आणि नणंदेच्या हातात ठेवल्या.

"बरोबर हायत," मी म्हटलं. "सगळं फिटलं."